खिसा भरला की मन किती भरतं?

एक शिडी डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला कल्पना करता येईल असं सर्वांत चांगलं आयुष्य, सगळ्यात खालची म्हणजे सर्वांत वाईट. वरच्या पायरीला दहा, खालच्या पायरीला शून्य. आज तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी हा प्रश्न घडवला आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आज गॅलप ही संस्था हाच प्रश्न घेऊन जवळपास १४० देशांत जाते. दरवर्षी मार्चमध्ये ‘जगातले सर्वांत आनंदी देश’ अशी यादी वर्तमानपत्रांत झळकते, तिचे क्रमांक या एकाच प्रश्नाच्या उत्तरांवर ठरतात. कोण किती हसतं, कोण किती सण साजरे करतं, हे तिथे मोजलेलंच नसतं. त्यामुळे ‘आपण एवढे उत्सवप्रिय, मग यादीत इतके मागे कसे?’ या दरवर्षीच्या वादात फारसा दम नाही. विचारलेलं असतं ते आयुष्याबद्दलचं समाधान.

आणि समाधानाचा विषय निघाला की पगाराचा निघतोच. ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की ते तपासायचंही कुणाला सुचत नाही. अर्थतज्ज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी मात्र पन्नास वर्षं ते तपासलं, त्यावरून एकमेकांशी कडाक्याचे वाद घातले, लॉटरीवाल्यांना गाठलं, ऊसकऱ्यांना कोडी घातली, कोट्यधीशांना प्रश्न विचारले. हाती लागलं ते भलतंच मजेदार आहे. ते वाक्य अर्धंच खरं निघालं. आणि ज्याच्या हातात पैसा नाही त्याला ते ऐकवणं हा सरळ सरळ अन्याय आहे, असं माझं मत हे सगळं वाचून पक्कं झालं.

गाय, तूप आणि गोल्फ

कँट्रिल यांच्या पाहणीत भारतही होता. आपली सरासरी आली ३.७. अमेरिकेची ६.६, इजिप्तची ५.५, नायजेरियाची ४.८. क्रांती नुकतीच झालेल्या क्यूबाने चक्क ६.४ ची नोंद केली. देश श्रीमंत नव्हता, पण आता दिवस पालटणार ही आशा ताजी होती.

आकड्यांपेक्षा लोकांची स्वप्नं जास्त बोलकी आहेत. पस्तिशीतल्या एका भारतीय शेतमजुराला काय हवं होतं? एक मुलगा, दुसऱ्याच्या रानात राबण्याऐवजी स्वतःचा जमिनीचा तुकडा, स्वतःचं घर, दूधतुपासाठी एक गाय, आणि बायकोला जरा बरे कपडे. एका अमेरिकी कामगाराच्या यादीत होती नवी गाडी, फिटलेली देणी आणि गोल्फ खेळायला, शिकारीला जायला जास्त मोकळा वेळ. दोघंही मनापासून बोलत होते. दोघांच्याही शिडीचं वरचं टोक दहाच. तिथे पोचायला लागणारं सामान तेवढं निराळं. पुढची सगळी भांडणं या सामानावरूनच आहेत.

२०२५ च्या यादीत फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आला. १४७ देशांत भारत ११८ वा, नेपाळ ९२ वा. कोस्टारिका सहावा, मेक्सिको दहावा. दरडोई उत्पन्नात या दोघांना कितीतरी मागे टाकणारी अमेरिका २४ व्या क्रमांकावर, तिचा तोवरचा सर्वांत खालचा क्रमांक. ही यादी ज्या अहवालात येते, त्यातच एक गोष्ट सापडते: दर चार अमेरिकनांपैकी साधारण एकाने आदल्या दिवशीची सगळी जेवणं एकट्याने घेतली होती. मेक्सिकोत चार-पाच माणसांची घरं आजही नेहमीची आहेत, आणि अशा घरांतली माणसं शिडीवर वर सापडतात.

देश श्रीमंत झाला, मग?

१९७४ मध्ये रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने एक निबंध लिहिला आणि अर्थशास्त्राच्या जगात खळबळ उडवून दिली. कुठल्याही देशात एका वेळी पाहिलं तर श्रीमंत माणूस गरिबापेक्षा समाधानी असतो. पण तोच देश वर्षानुवर्षं श्रीमंत होत गेला तरी सरासरी समाधान जागचं हलत नाही. हे कोडं आज ईस्टरलिन यांच्या नावानेच ओळखलं जातं. २०२४ च्या डिसेंबरात, वयाच्या ९८ व्या वर्षी ते गेले. तोवर ते या मताला चिकटून होते.

त्यांचा हुकमी दाखला जपानचा. १९५८ ते १९८७ या काळात जपानी माणसाचं खरं उत्पन्न पाचपट झालं आणि समाधानाची रेघ सपाटच राहिली. पुढे २००८ मध्ये बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थतज्ज्ञ जोडीने मूळ जपानी प्रश्नावल्याच उघडून पाहिल्या. सरकारी पाहणीत उत्तरांचे पर्याय मधेच, १९६४ मध्ये, बदलले होते! वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एका रेघेत जोडली गेली होती. सारख्या शब्दांत प्रश्न विचारला गेला तेवढे तुकडे सुटे केले, तेव्हा समाधानही उत्पन्नाबरोबर चढताना दिसलं. प्रश्नावलीतल्या चार ओळींनी एक जगप्रसिद्ध दाखला डळमळीत केला.

म्हणजे ईस्टरलिन चुकले? इतकं सोपं नाही. आपल्याकडेच बघा. आनंदाच्या याच जागतिक अहवालात २०१३ साली भारताचा आकडा ४.७७ होता, २०२० च्या अहवालात तो ३.५७ वर घसरला. हा दुसरा आकडा करोनाच्या आधीच्या तीन वर्षांचा आहे. मधल्या काळात दरडोई उत्पन्न वाढतच होतं. २०२५ मध्ये आपण ४.३९ पर्यंत सावरलो. कँट्रिल यांच्या काळातल्या ३.७ शी हे ताडून पाहिलं की ईस्टरलिन आयुष्यभर कशावर अडून बसले होते ते कळतं.

१७३८ चं गणित

या विषयातलं सर्वांत टिकाऊ सूत्र संगणकाच्या नव्हे, दौत-टाकाच्या काळातलं आहे. डॅनियल बर्नुली या स्विस गणितज्ञाने १७३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीसाठी लिहिलं की नव्याने हाती आलेल्या पैशाचं सुख, आधी गाठीला किती आहे त्याच्या उलट्या प्रमाणात असतं. आजच्या लाखो लोकांच्या उत्तरांचा आलेख काढला तरी तो याच वळणावर जातो.

व्यवहारात याचा अर्थ असा. महिन्याला १५ हजार मिळवणाऱ्याचे ३० हजार झाले की तो शिडीवर जेवढा चढतो, तेवढंच चढायला दीड लाखवाल्याला तीन लाख लागतात. पहिल्याची वाढ १५ हजारांची, दुसऱ्याची दीड लाखाची, चढण मात्र सारखीच. महागाई भत्ता टक्केवारीने मिळतो, म्हणून तो शिपायाला आणि साहेबाला साधारण सारखंच वर नेतो. दिवाळीला सगळ्यांना सरसकट पाच हजार दिले तर मात्र तळाचा माणूस टुणकन वर उडी घेतो आणि साहेबाला पायरी बदलल्याचं कळतही नाही. कुठल्या वाढीवर आनंद जास्त पिकतो, याचं उत्तर पावणेतीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय.

७५ हजार डॉलरचा गाजलेला आकडा

२०१० मध्ये डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन यांनी एक आकडा जगाला दिला: वर्षाला ७५ हजार डॉलर. त्या वेळच्या दराने साधारण ३४ लाख रुपये. साडेचार लाख अमेरिकी उत्तरं चाळून त्यांनी म्हटलं की घरात एवढं उत्पन्न येईपर्यंत रोजचा मूड सुधारत जातो, त्यापुढे सपाट.

कानेमान यांना २००२ मध्येच अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेलं होतं, डीटन यांना २०१५ मध्ये मिळालं. इतक्या वजनदार नावांचा आकडा पसरायला कितीसा वेळ लागणार? सिअ‍ॅटलच्या ग्रॅव्हिटी पेमेंट्स कंपनीच्या प्रमुखाने याच प्रकारचं संशोधन वाचून २०१५ मध्ये कंपनीतला किमान वार्षिक पगार ७० हजार डॉलरवर नेण्याची घोषणा केली आणि स्वतःचा दहा लाख डॉलरच्या वरचा पगारही तिथेच खाली आणला.

बातम्यांमधून एक गोष्ट हमखास गळून पडली. त्याच निबंधात शिडीचा प्रश्नही होता, आणि शिडीवर कुठेही सपाटी नव्हती! उत्पन्न वाढेल तसं आयुष्याबद्दलचं समाधान वाढतच गेलं होतं. ‘काल दिवस कसा गेला?’ आणि ‘एकूण आयुष्य कसं चाललंय?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, हा त्या निबंधाचा गाभा. लोकांनी आकडा उचलला आणि गाभा तिथेच ठेवला.

मग आले संशोधक मॅथ्यू किलिंग्सवर्थ. त्यांच्याकडे होतं मोबाइलवरचं एक अ‍ॅप. दिवसात कधीही ते टिंग करून विचारायचं, ‘आत्ता कसं वाटतंय?’ तेहतीस हजारांवर नोकरदार अमेरिकनांकडून त्यांनी अशी १७ लाख उत्तरं गोळा केली. २०२१ चा त्यांचा निष्कर्ष: ७५ हजारांवर काहीही थांबत नाही, मूडही वर वर जातच राहतो.

दोन निष्कर्ष, दोन्ही प्रतिष्ठित, दोन्ही परस्परविरोधी. इथून पुढची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत प्रिय आहे. कानेमान तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेले. ते स्वतःचा आकडा कवटाळून बसू शकले असते. त्यांनी किलिंग्सवर्थ यांच्याबरोबर एकाच टेबलावर बसून तोच डेटा पुन्हा पिंजायचं ठरवलं आणि पंच म्हणून मानसशास्त्रज्ञ बार्बरा मेलर्स यांना मधे घेतलं. वैऱ्याबरोबर मिळून संशोधन करण्याची ही पद्धत कानेमान यांनीच पूर्वीपासून लावून धरलेली होती.

२०२३ मध्ये तिघांचा निबंध आला. दोघंही थोडे थोडे बरोबर होते. बहुतेक लोकांचा मूड उत्पन्नाबरोबर चढत जातो. पण सर्वांत दुःखी अशा २० टक्के लोकांमध्ये ही चढण वर्षाला एक लाख डॉलरच्या आसपास थांबते. तिथपर्यंत पैसा दुःख कमी करतो; त्यापुढे उरतं ते मूल गेल्याचं, संसार मोडल्याचं, नैराश्याच्या आजाराचं दुःख. त्यावर पगारवाढीचा इलाज चालत नाही. उलट जे आधीच सर्वांत आनंदी आहेत, त्यांची चढण लाखाच्या पुढे आणखी वेग घेते. जुन्या पाहणीतले प्रश्न दुःख अचूक टिपत होते, आनंदाच्या वरच्या छटा त्यांना दिसतच नव्हत्या, हा खुलासाही त्यातच आला. पुढच्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, कानेमान गेले. नव्वदीच्या उंबरठ्यावर स्वतःचा सर्वांत गाजलेला आकडा दुरुस्त करून गेलेला हा माणूस मला फार मोठा वाटतो.

लॉटरी लागली तर

१९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या लॉटरीतले २२ विजेते गाठले. सोबत अपघाताने हातापायांतलं बळ गेलेले २९ जण आणि तुलनेसाठी २२ सामान्य लोक. विजेते सामान्यांपेक्षा फारसे आनंदी निघाले नाहीत. ० ते ५ च्या मोजपट्टीवर विजेत्यांचे ४.००, सामान्यांचे ३.८२. शिवाय मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, कुणी केलेलं कौतुक असल्या बारीकसारीक गोष्टींतली विजेत्यांची गोडी कमी झाली होती.

याच अभ्यासावरून ‘अपघातग्रस्त आणि लॉटरीवाले शेवटी सारखेच सुखी’ असं सर्रास सांगितलं जातं. ते साफ खोटं आहे. अपघातग्रस्तांचे आले होते २.९६. लोकांनी गृहीत धरलं असतं त्यापेक्षा ते बरे होते, एवढंच. पण ‘सगळं सवयीचं होतं’ असं म्हणून त्यांचं दुःख पुसून टाकायचा अधिकार कुणालाच नाही.

शिवाय २२ म्हणजे मूठभर माणसं. २०२० मध्ये स्वीडनमधून तीन हजारांहून अधिक लॉटरीवाल्यांचा अभ्यास आला. बक्षीस लागून ५ ते २२ वर्षं झालेले लोक. मोठी रक्कम मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान इतक्या वर्षांनंतरही ठळकपणे वर होतं. ‘लॉटरीवाला दोन वर्षांत सगळं उडवतो’ ही दंतकथाही तिथे टिकली नाही. स्वीडिश मंडळी पैसा बेताबेताने, वर्षानुवर्षं पुरवून वापरत होती.

केरळची गोष्ट निराळी. २०२२ च्या ओणम बंपरमध्ये तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला २५ कोटींचं बक्षीस लागलं, आणि काही दिवसांतच तो पत्रकारांना सांगू लागला की हे लागलं नसतं तर बरं झालं असतं. दारात मदत मागणाऱ्यांची रीघ लागली होती, घरी राहणं मुश्कील झालं होतं. स्वीडनमध्ये बक्षीस बँकेत जातं, आपल्याकडे ते आधी गावात जातं.

नेदरलँड्समध्ये तर पत्त्याच्या पिनकोडवर लॉटरी निघते. एका कोडमध्ये जेमतेम वीसेक घरं. त्यावर अभ्यास झाला तेव्हा तिकीट घेतलेल्यांना दर तिकिटामागे साडेबारा हजार युरो आणि एक नवी बीएमडब्ल्यू मिळत असे, न घेतलेल्यांना काही नाही. मग त्या गल्लीत काय झालं? बक्षीस न लागलेले शेजारीही नव्या गाड्या घेऊ लागले. कॅनडातल्या अभ्यासात याहून पुढची पायरी दिसली. विजेत्याची रक्कम जितकी मोठी, तितकी त्याच्या अगदी जवळच्या शेजाऱ्यांत दिवाळखोरी वाढलेली.

शेजाऱ्याचा पगार

नॉर्वेत प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न हा सार्वजनिक दस्तऐवज असतो. पूर्वी तो पाहायला कचेरीत जावं लागायचं. २००१ पासून वर्तमानपत्रांनी तो इंटरनेटवर टाकला आणि सगळा देश एकमेकांचे पगार बघत बसला. फेसबुकवरच्या मित्रांची उत्पन्नाप्रमाणे क्रमवारी लावणारी अ‍ॅप्सही निघाली. अर्थतज्ज्ञ रिकार्डो पेरेझ-त्रुहिल्यो यांनी याचा हिशेब मांडला. गरीब आणि श्रीमंत यांच्यातली आनंदाची दरी या एका बदलाने २९ टक्क्यांनी रुंदावली, समाधानाची २१ टक्क्यांनी. कुणाचंही उत्पन्न बदललं नव्हतं, फक्त दिसू लागलं होतं. २०१४ पासून नियम आला की तुमचं उत्पन्न कुणी पाहिलं त्याचं नाव तुम्हाला कळेल. शोधणाऱ्यांची संख्या धाडकन कोसळली.

असंच कॅलिफोर्निया विद्यापीठात. कर्मचाऱ्यांचे पगार एका वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर उघड झाले होते. संशोधकांनी काही निवडक कर्मचाऱ्यांना ईमेलने त्याचा पत्ता कळवला. आपल्या विभागात मधल्या आकड्याच्या खाली असलेले लोक नाराज झाले, दुसरी नोकरी शोधू लागले. वरचे? त्यांच्या समाधानात काडीचाही फरक पडला नाही. खालचा माणूस दुखावतो आणि वरचा माणूस सुखावतही नाही, म्हणजे तुलनेच्या या व्यवहारात निव्वळ तोटाच.

बोस्टनमध्ये सारा सोलनिक आणि डेव्हिड हेमनवे यांनी १९९८ च्या निबंधात विचारलं: वर्षाला ५० हजार डॉलर मिळतील आणि इतरांना २५ हजार, की तुम्हाला एक लाख आणि इतरांना दोन लाख? जवळपास निम्म्यांनी पहिला पर्याय घेतला. दुप्पट पैसा सोडला, पण वरचढपणा सोडला नाही. हाच प्रश्न सुट्ट्यांबद्दल विचारला तेव्हा बहुतेकांनी सरळ स्वतःला जास्त सुट्ट्या मिळतील तो पर्याय निवडला, इतरांना कितीही मिळोत.

तुलना नेहमी विषारीच ठरते असंही नाही. केनियात गरिबांना थेट रोख रक्कम देण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगात न मिळालेले शेजारी खट्टू झालेले दिसले. नंतर ६५३ गावांमध्ये मोठा प्रयोग झाला, २०२२ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. मिळालेला पैसा गावातच खर्च झाला, दुकानं चालली, आणि पैसे न मिळालेल्या घरांचाही खर्च वाढला.

ऊस जाण्याआधी, ऊस गेल्यावर

तमिळनाडूतल्या ऊसकऱ्यांचा हा अभ्यास कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. २०१३ मध्ये सायन्स नियतकालिकात तो आला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी ४६४ शेतकऱ्यांना दोनदा कोडी सोडवायला दिली. एकदा ऊस जाण्याआधी, ओढाताणीच्या दिवसांत, आणि एकदा बिल हातात आल्यावर. माणूस तोच, कोडी त्याच धाटणीची. पैसे आल्यावर त्याच माणसाला जास्त कोडी सुटली, चुका कमी झाल्या.

यातली हुशारी तोडीच्या वेळापत्रकात आहे. कारखान्याची गाळपाची ताकद ठरलेली, त्यामुळे सगळ्यांना एकदम तोड मिळत नाही. कुणाची पाळी लवकर, कुणाची महिनोन्‌महिने उशिरा. म्हणून हा फरक ऋतूचा नाही, पैशाचाच, हे दाखवता आलं. आधीच्या दिवसांत बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज, कित्येकांची वस्तू गहाण. डोकं त्या आकडेमोडीत अडकलेलं असतं, मग कोड्याला जागा कुठून उरणार? न्यू जर्सीच्या एका मॉलमध्येही त्यांनी हेच पाहिलं. गाडीच्या दुरुस्तीला १५० डॉलर लागतील असं म्हटलं तर गरीब आणि श्रीमंत सारखेच कोडी सोडवत. १,५०० म्हटलं की गरिबांची कामगिरी घसरे, श्रीमंतांना काही फरक नाही.

आपल्याकडे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पहिली उचल किती आणि कधी, यावर दर हंगामात आंदोलनं होतात. सोसायटीचं कर्ज, मुलीची फी, लागणीचं बियाणं हे सगळं त्या एका बिलावर तटलेलं असतं. थकलेल्या बिलावर पुढे व्याज मिळेल न मिळेल, पण त्या दिवसांत शेतकऱ्याची हिरावून घेतलेली शांत बुद्धी कुठल्या व्याजाने परत येणार? गरिबाचे निर्णय चुकतात म्हणून तो गरीब राहतो, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास वाचावा.

कोलकात्याचा फुटपाथ

रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि त्यांचे वडील एड डीनर यांनी २००१ मध्ये कोलकात्यातल्या ८३ अतिगरीब लोकांच्या मुलाखतींवर निबंध लिहिला. झोपडपट्टीतले, फुटपाथवरचे, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया. १ ते ३ च्या पट्टीवर एकूण समाधान १.९३, म्हणजे मध्यापेक्षा जरा खाली. तुलनेला घेतलेल्या मध्यमवर्गीय विद्यार्थ्यांचं २.४३. पण घरच्यांबद्दल, मित्रांबद्दल, स्वतःच्या स्वभावाबद्दल विचारलं की उत्तरं समाधानाच्या बाजूला झुकत. पुढे अमेरिकेतल्या बेघरांशी तुलना केली, तेव्हा कोलकात्याचे फुटपाथवासी पैशाने जास्त गरीब असूनही जास्त समाधानी निघाले. फुटपाथवर का होईना, त्यांचं कुटुंब त्यांच्याजवळ होतं. यावरून ‘गरीब बिचारे सुखी असतात’ असा अर्थ कुणी काढू नये. १.९३ हा आकडा खालचाच आहे.

काम गेलं की

ऑस्ट्रियातल्या मारिएनताल गावात १९३० च्या आसपास कापड गिरणी बंद पडली आणि सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा आणि सहकारी तिथे राहिले. १९३३ मध्ये आलेल्या पुस्तकात त्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदी थक्क करतात. वेळच वेळ असूनही वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. पुरुषांची रस्त्यावरची चाल मंदावली, मधेच थांबणं वाढलं. बायका मात्र भराभर चालत होत्या, त्यांचं घरकाम कुठे बंद पडलं होतं? पुढच्या दशकांतल्या आकडेवारीनेही सांगितलं की बेकारीचा घाव बुडालेल्या पगाराहून कितीतरी खोल असतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावाने हे सोसलंय, तिथल्या घरांना वेगळा पुरावा लागत नाही.

मग पैसा खर्चायचा कुठे?

व्हँकुव्हरमध्ये एलिझाबेथ डन यांच्या चमूने सकाळी लोकांच्या हातात पाकीट दिलं, कुणाला ५ डॉलर, कुणाला २०. अट एवढीच की संध्याकाळी पाचच्या आत संपवायचे. काहींनी स्वतःवर, काहींनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खुशीत होते, आणि ५ की २० याने फरक पडला नाही. हे २००८ चं.

त्याच शहरात २०१७ मध्ये अ‍ॅशली व्हिलन्स यांनी ६० जणांना दोन शनिवार-रविवारी ४०-४० डॉलर दिले. एकदा वस्तू घ्यायला, एकदा वेळ वाचवायला, म्हणजे जेवण बाहेरून मागवायला, कुणाकडून साफसफाई करून घ्यायला. वेळ विकत घेतला त्या दिवशी माणसं जास्त निवांत आणि आनंदी होती. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांच्या दिवसाचा हिशेब मांडला तेव्हा सकाळी कामाला जाण्याचा प्रवास सर्वांत नकोसा निघाला होता, तो याच धाग्यातला. विरार किंवा कसाऱ्याहून रोज येणाऱ्याला विचारा, पगारवाढ की घराजवळची कचेरी?

पण हातात अचानक ४० डॉलर आले तर काय कराल, असं विचारल्यावर वेळ वाचवायला खर्चू, असं म्हणणारे निघाले फक्त दोन टक्के. आणि नेदरलँड्समधल्या आठशेवर कोट्यधीशांना विचारलं, तर जवळपास निम्मे नावडतं काम दुसऱ्याकडून करून घेण्यावर एक पैसाही खर्चत नव्हते.

आपल्याकडे मध्यमवर्ग हा वेळ पिढ्यान्‌पिढ्या विकत घेत आलाय, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींकडून. व्हँकुव्हरच्या प्रयोगात विकत घेणाऱ्याचं समाधान मोजलं, विकणारीचं नाही. बर्नुलीच्या सूत्रात ते मात्र बसतं. चार घरची कामं करून महिन्याला १२ हजार मिळवणाऱ्या मावशींना एका घराने हजार रुपये वाढवले, तर ती त्यांच्या उत्पन्नात आठ टक्क्यांहून जास्त वाढ होते. लाख रुपये पगाराच्या घरात तेच हजार रुपये एक टक्का असतात.